पाण्याची प्लास्टिकची बाटली पारखायची कशी: तळाच्या आकड्यापासून बाटली टाकून देईपर्यंत

बाटली उलटी धरायची, तळाच्या त्रिकोणातला आकडा शोधायचा आणि ‘एक आहे, म्हणजे एकदाच वापरायची’ किंवा ‘पाच आहे, म्हणजे बिनधास्त’ असा निकाल लावून मोकळं व्हायचं. बहुतेकांची तपासणी इथेच सुरू होते आणि इथेच संपते. अडचण अशी, की तो आकडा पाणी पिणाऱ्यासाठी छापलेलाच नाही. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली कचऱ्यातलं प्लास्टिक प्रकाराप्रमाणे वेगळं करता यावं म्हणून ही पद्धत काढली. आकडा सांगतो तो फक्त माल कोणता ते. किती वेळा भरायची, किती गरम चालेल, आत आधी काय होतं, यातलं काहीही त्यात नाही. तो दर्जाचा क्रमांकही नाही. २ हा १ पेक्षा वरचढ आणि ७ सगळ्यांत वाईट, असा काही हिशोब नसतो.

बाटली पिण्याच्या पाण्याला योग्य आहे की नाही, हे ती कशासाठी बनली होती, आतून आज कशी आहे, पाणी किती तापलं आणि किती काळ आत राहिलं, यावर ठरतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम उलटा केला, की जी बाटली पहिल्याच टप्प्यात बाद व्हायला हवी ती आकड्याच्या जोरावर पास होते.

## आधीची तयारी

घरातल्या सगळ्या बाटल्या, जार आणि कॅन एकदाच बाहेर काढा. एकेक बाटली जाता-येता बघितली, तर तपासणी अर्धवट राहते. प्रत्येक बाटली रिकामी करून पूर्ण कोरडी होऊ द्या, कारण ओल्या प्लास्टिकवर बारीक ओरखडे आणि धुरकटपणा दिसत नाही. दिवसाचा उजेड, मागे धरायला एक पांढरा कागद आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरेसं आहे. तळाची अक्षरं बहुधा रंगाविना नुसती उठावाची असतात. उजेड बाजूने तिरका पडू द्या आणि फोटो मोठा करून वाचा.

मग तीन ढीग करा. सीलबंद विकत घेतलेल्या पाण्याच्या बाटल्या एकीकडे, पुन्हापुन्हा भरण्यासाठीच घेतलेल्या दुसरीकडे, मोठे जार आणि कॅन तिसरीकडे. या तिघांचे नियम वेगळे आहेत.

पडताळा: एखादी बाटली कुठून आली, आधी तिच्यात काय होतं, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नसेल, तर तिच्यासाठी पुढचे टप्पे करू नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी बाद.

## टप्पा १: बाटली कशासाठी बनली होती?

आकडा बघण्याआधीचा हा टप्पा हमखास गाळला जातो. एकाच प्रकारच्या प्लास्टिकपासून पाण्याची बाटलीही होते आणि फरशी पुसायच्या द्रावणाचीही. दोन्हींच्या तळाला २ असतो. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या रंगात, इतर रसायनांत, आणि माल नवा होता की कुठला तरी पुनर्वापराचा, यात. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीच्या मालावर जे निर्बंध असतात ते इतर डब्यांच्या मालावर नसतात.

रिकाम्या भरायच्या बाटलीवर पेला आणि काटा-चमच्याचं चिन्ह शोधा. खाण्यापिण्याच्या वस्तूंशी संपर्क चालेल, असा त्याचा अर्थ. सीलबंद पाण्याच्या बाटलीवर हे चिन्ह नसलं तरी चालतं, कारण ती पाण्यासाठीच भरलेली असते.

डिटर्जंट, कीटकनाशक, रॉकेल, थिनर, ॲसिड किंवा औषधी द्रावणाचा डबा कितीही स्वच्छ दिसला तरी पाण्याला वापरू नका. प्लास्टिकची भिंत काचेसारखी बंद नसते. तेलकट आणि उडून जाणारी रसायनं तिच्यात मुरतात, आणि आठवडे, महिने थोडीथोडी बाहेर येत राहतात. दहा वेळा धुतल्यावर वास जातो. मुरलेलं सगळं गेलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

सावधान: उलट दिशेची चूक याहून घातक आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड, फिनेल, ब्लीच किंवा कीटकनाशक कधीही भरून ठेवू नका, वर चिठ्ठी चिकटवूनही नाही. तहानलेला माणूस चिठ्ठी वाचत बसत नाही, आणि लहान मुलाला ती वाचताच येत नाही.

## टप्पा २: आकडा वाचा, पण तेवढाच वाचा

आता बाटली उलटी करा. २०१३ नंतर नियमावलीत बाणांच्या त्रिकोणाऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, त्यामुळे दोन्ही तऱ्हा दिसतील. अर्थ एकच.

१ – पेट. सीलबंद पाण्याची पारदर्शक, हलकी, दाबली की कुरकुरणारी बाटली बहुधा हीच. पेटमध्ये बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए हे शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करू शकणारं रसायन, नसतं, आणि ते मऊ करण्यासाठी प्लास्टिसायझरही घालावं लागत नाही. म्हणून ‘पेटच्या बाटलीतून बीपीए येतं’ हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. तिच्यातून येऊ शकतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी: पेट तयार करताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचा सूक्ष्म अंश, आणि असिटाल्डिहाइड. बराच काळ उबेत राहिलेल्या पाण्याला कधीकधी किंचित गोडसर, फळासारखी चव लागते ती या असिटाल्डिहाइडची.

२ – एचडीपीई. दुधी, अर्धपारदर्शक, जरा मेणचट हाताची. पाण्याचे कॅन आणि पुष्कळ बाटल्यांची बुचं याची असतात. साध्या तापमानाच्या पाण्याला भरवशाचं, थंडीतही चिवट.

३ – पीव्हीसी. पाण्याच्या नव्या बाटलीत हल्ली सहसा सापडत नाही. सापडली तर भरू नका. मऊ पीव्हीसीत थॅलेट गटातली प्लास्टिसायझर मोठ्या प्रमाणात असू शकतात.

४ – एलडीपीई. पिशव्या, दाबायच्या मऊ बाटल्या. गार पाण्याला चालतं, गरम नको.

५ – पीपी. पुन्हा भरायच्या बाटल्या, बाळाच्या दुधाच्या बाटल्या, झाकणं. वितळायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून उकळत्या पाण्यातही आकार टिकतो. आकार टिकणं आणि पाण्यात काहीच न उतरणं या मात्र दोन गोष्टी आहेत. त्याबद्दल टप्पा ४ मध्ये.

६ – पीएस, म्हणजे पॉलिस्टायरिन. एकदा वापरायचे पेले. पाण्याच्या साठ्याशी याचा संबंध नाही, आणि गरम पेय यात ओतायचं नाही.

७ – इतर. सगळ्यांत जास्त घोटाळा या आकड्यावर होतो. ७ हा प्लास्टिकचा प्रकार नाही, ‘वरच्या सहांत न बसणारं काहीही’ असा तो खण आहे. त्यात पॉलिकार्बोनेट येतं, जे बीपीएपासूनच बनतं. त्यातच ट्रायटनसारखं बीपीए न वापरता बनवलेलं प्लास्टिक येतं, आणि वनस्पतींपासून बनवलेलं पीएलएसुद्धा. त्यामुळे नुसता ७ बघून बाटली फेकणंही चूक आणि ठेवणंही चूक. आकड्याजवळ ‘पीसी’ अशी अक्षरं आहेत का बघा. कडक, जड, काचेसारखी स्वच्छ आणि बरीच जुनी अशी ७ ची बाटली असेल आणि तिच्यावर बीपीए नसल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ती पॉलिकार्बोनेट समजूनच चाला.

बीपीएवरचे नियम वर्षागणिक कडक होत गेले आहेत. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट बंद केलं, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोज शरीरात गेलेलं चालेल असं बीपीएचं प्रमाण आधीच्या वीस हजाराव्या हिश्श्यावर आणलं, आणि जानेवारी २०२५ पासून तिथे खाण्यापिण्याच्या वस्तूंना लागणाऱ्या साहित्यातून बीपीए टप्प्याटप्प्याने हद्दपार होऊ लागलं. जुनी पॉलिकार्बोनेटची बाटली ‘इतकी वर्षं चालली की’ म्हणून जपून ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सावधान: ‘बीपीए फ्री’ हा शिक्का म्हणजे सगळ्याच रसायनांपासून सुटका नव्हे. काही मालांत बीपीएच्या जागी बीपीएस किंवा बीपीएफ ही त्याचीच भावंडं वापरली गेली आहेत. आणि पेटच्या किंवा पीपीच्या बाटलीवर हा शिक्का मिरवणं तर गमतीचंच आहे, कारण त्यांत बीपीए मुळातच लागत नाही.

## टप्पा ३: आकड्याची हाताने खात्री करा

आकडा झिजलेला असतो, नसतो, किंवा साचा एकाचा नि माल दुसऱ्याचा असंही क्वचित होतं. म्हणून पुढच्या चाचण्या. त्या ढोबळ आहेत. दोन-तीन एकत्र जुळल्या, तरच निष्कर्ष काढा.

तळ बघा. तळाच्या बरोबर मधोमध नखाला लागेल असा छोटा गोल उंचवटा असेल, तर बाटली बहुधा पेटची. पेटची बाटली आधी जाड परीक्षानळीसारखी ओतली जाते आणि मग गरम करून साच्यात हवेने फुगवली जाते. प्लास्टिक जिथून आत शिरलं त्या जागेची ही खूण. तळाला आडवी चिमटलेली रेघ असेल, तर ती वेगळ्या पद्धतीने फुगवलेली एचडीपीई, पीपी किंवा पीव्हीसी.

दुमडून बघा. टाकाऊ पारदर्शक बाटलीची भिंत दुमडून नखाने दाबा. घडीची रेघ पांढरी पडली तर पीव्हीसीचा संशय घ्या. पेटची घडी साधारण स्वच्छच राहते.

बुडवून बघा. टाकाऊ बाटलीचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि तुकडा पूर्ण खाली दाबून सोडा. एचडीपीई, एलडीपीई आणि पीपी पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर येतात. पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरिन आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. पेटच्या एकाच बाटलीचं बूच तरंगतं आणि भिंतीचा तुकडा तळाला जातो. पुनर्वापराच्या कारखान्यात दोन्ही वेगळे करताना हाच गुण कामी येतो.

सावधान: तुकडा जाळून धुराचा वास घेण्याची ‘चाचणी’ करू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, आणि तो घसा आणि फुफ्फुसं भाजून काढतो. बाटली ओळखण्यासाठी एवढी किंमत मोजायचं कारण नाही.

पडताळा: आकडा एक सांगतो आणि हात दुसरंच, असं झालं तर त्या बाटलीत पिण्याचं पाणी नको.

## टप्पा ४: उष्णतेचा आणि वेळेचा हिशोब

इथवर बाटली पास झाली असेल, तरी ती वाया जाते ती बहुतेक वेळा उष्णतेपायी. प्लास्टिकमधून पाण्यात काय आणि किती उतरतं, हे तापमानावर फार अवलंबून असतं, आणि ही वाढ सरळ रेषेत होत नाही. पंधरा-वीस अंश वाढले की महिन्यांचं काम दिवसांत होतं.

पेटमधल्या अँटिमनीचंच बघा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बाटल्या वेगवेगळ्या तापमानाला ठेवून, पाण्यातलं अँटिमनी तिथल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमच्या पुढे कधी जातं, ते काढलं होतं. ६० अंशांवर १७६ दिवस लागतात असं निघालं. ७० अंशांवर १२ दिवस. ८० अंशांवर जेमतेम अडीच दिवससुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे याहून सैल आहे.

या आकड्यांवरून दोन गोष्टी निघतात आणि लोक बहुधा एकच उचलतात. पहिली, उन्हात उभ्या गाडीत दुपारभर राहिलेली बाटली प्यायल्याने विषबाधा होते, ही भीती अतिरेकी आहे. दुसरी, बाटल्यांचा साठा सगळा उन्हाळाभर गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या छपराखाली किंवा भट्टीशेजारी ठेवणं चूकच आहे, कारण तिथे तापमानाबरोबर वेळही साचत जातो.

मग करायचं काय?

१. पेटच्या बाटलीत कोमटापेक्षा गरम काही ओतू नका. साधारण ७० अंशांच्या पुढे हे प्लास्टिक मऊ होतं. उकळतं पाणी ओतलं, की भिंत सुरकुतते, बाटली आखडते आणि मान एका बाजूला कलते. अशी एकदा वाकडी झालेली बाटली गार झाल्यावरही पुन्हा भरायची नाही. काही सरबतांच्या जाड, खाचाखाचांच्या बाटल्या कारखान्यात गरम भरता येतील अशा बनवलेल्या असतात. त्यावरून घरी चहा-काढा ओतायला त्या चालतील असं समजू नका.

२. पॉलिकार्बोनेटमध्ये उकळतं पाणी तर अजिबातच नको. गार पाण्याच्या तुलनेत उकळत्या पाण्याने बीपीए ५५ पटींपर्यंत जास्त वेगाने सुटल्याचं एका प्रयोगात आढळलं आहे.

३. पीपीच्या बाळाच्या बाटलीत आकार बिघडत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरम पाण्याने दुधाची पावडर कालवण्याची नेहमीची रीत अवलंबल्यावर, अशा बाटल्यांतून लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सुटल्याचं दिसलं. पावडरचं दूध किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवावं, असं जागतिक आरोग्य संघटना जंतूंच्या भीतीने सांगते, आणि ते पाळायलाच हवं. म्हणून पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवा, पिण्याजोगं गार होऊ द्या, मग बाटलीत ओता. निर्जंतुक केलेली बाटलीही उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या. भरलेली बाटली जोरात हलवणं आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं, दोन्ही टाळा.

४. लिंबूपाणी, ताक, सरबत यांसारखी आंबट पेयं तासाभराच्या प्रवासाला चालतील. दिवसच्या दिवस साठवायला काच बरी.

५. गोठवायला हरकत नाही. गोठवल्याने डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं सुटतात, हा फिरणारा संदेश खोटा आहे. बाटलीच्या प्लास्टिकमध्ये डायॉक्सिन नसतं, आणि थंडीत रसायनांची हालचाल उलट मंदावते. खरी अडचण साधी आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून वर दहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा रिकामी ठेवा. पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. फ्रीझरमधून काढलेली पीपीची बाटली हातातून सुटली, तर तडकते. गोठवायचंच तर एचडीपीई घ्या.

रोज गरम पाणी न्यायचं असेल, तर या सगळ्या हिशोबात पडूच नका. स्टीलची बाटली घ्या.

## टप्पा ५: सीलबंद पाणी घेताना आणि ठेवताना

बूच फिरवण्याआधी खालची कडी अखंड आहे का बघा. उघडताना ती कट्कट् आवाज करत तुटली पाहिजे. बूच सहज फिरलं, कडी आधीच सुटलेली दिसली, किंवा बाटली उलटी करून दाबल्यावर थेंब आले, तर परत करा. पाण्याची पातळी शेजारच्या बाटल्यांइतकीच हवी. उजेडाकडे धरून आत तरंगणारं काही आहे का तेही बघून घ्या.

साठवायची जागा निवडताना लोक ऊन बघतात आणि वास विसरतात. पेट्रोल, रंग, थिनर, कीटकनाशक, डांबरगोळ्या यांची वाफ बंद बाटलीच्या भिंतीतूनही आत जाऊ शकते. सील शाबूत आणि पाण्याला मात्र चमत्कारिक वास, अशी तक्रार असेल तर बाटल्या कशाशेजारी होत्या ते आधी शोधा. जागा गार, अंधारी आणि रसायनांपासून लांब हवी.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटेल. जिथे शुद्ध पाणी मिळत नाही तिथे पारदर्शक पेट बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवणं, ही जंतू मारण्याची मान्यताप्राप्त रीत आहे. आभाळ असेल तर दोन दिवस. बाटली दोन लिटरपेक्षा मोठी नको, आणि पाणी गढूळ नको. काही तासांच्या उन्हाने पेट विषारी होत असतं, तर ही रीत कुणी सुचवलीच नसती.

प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा प्रश्न मात्र खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सीलबंद पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० कण मोजले गेले, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास नॅनो आकाराचे, म्हणजे मायक्रोमीटरहूनही लहान होते. आपल्या हातात असलेला उपाय छोटा आहे. बूच पुन्हापुन्हा फिरवल्याने आटे घासून कण सुटतात, बाटली चुरगळत राहिल्यानेही. उघडलेली बाटली पेल्यात ओतून संपवा. घरी नळाचं पाणी पिण्यायोग्य असेल, तर रोजच्यासाठी सीलबंद बाटल्या आणणंच थांबवा.

पडताळा: तोंड लावून प्यायलेली बाटली त्याच दिवशी संपवा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत उबेत ठेवलं, तर तोंडातले जंतू त्यात वाढायला रात्र पुरते.

## टप्पा ६: धुण्याचा क्रम

पुन्हा भरायच्या बाटलीत रसायनांपेक्षा जंतूंचा धोका जास्त जवळचा असतो, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. नुसतं पाणी विसळून टाकणं म्हणजे धुणं नाही. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं तो जंतूंनी धरलेला थर, आणि तो घासल्याशिवाय निघत नाही.

१. बूच, रबरी चकती, नळी, चोखायचं तोंड, सगळं सुटं करा. चकतीखालची काळपट रेघ म्हणजे बुरशी. बाटली रोज धुणाऱ्यांच्या घरीही ती बहुधा तिथेच सापडते.

२. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घ्या. लांब दांड्याचा मऊ ब्रश तळापर्यंत फिरवा, मग गळ्याच्या आट्यांत. नळीसाठी बारीक ब्रश वेगळा लागतो.

३. साबण जाईपर्यंत विसळा.

४. वास किंवा बुरशी होती, किंवा बाटली बरेच दिवस पडून होती, तर निर्जंतुक करा. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच मिसळा. बाटलीत ओतून सगळीकडे लागेल असं फिरवा, निदान अर्धा मिनिट थांबा, ओतून टाका आणि पिण्याच्या पाण्याने विसळा.

५. बूच न लावता उलटी टांगून पूर्ण वाळू द्या. ओली बाटली बंद करून ठेवली, तर आधीची मेहनत फुकट.

सावधान: ब्लीच कधीही व्हिनेगर, लिंबू, ॲसिड किंवा अमोनियाच्या द्रावणात मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. आधी व्हिनेगरने धुतली असेल, तर भरपूर विसळून मगच ब्लीच वापरा.

अरुंद तोंडाच्या बाटलीत वाळू, खडे किंवा जाड मीठ टाकून हलवण्याची जुनी सवय सोडा. बाटली चकचकीत दिसते, पण आत हजारो ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्यांतच घट्ट बसतो. तारेची घासणी त्याच कारणासाठी नको. पॉलिकार्बोनेटचा जार तीव्र क्षाराच्या साबणाने आणि कढत पाण्याने धुतला, तर प्लास्टिकच हळूहळू तुटायला लागतं.

मोठ्या जारचं पाणी देणारं यंत्र असेल, तर जार बदलताना त्याची मान पुसा, आणि तोटी आणि आतली टाकीही ठरावीक मुदतीने धुवा. जार दर वेळी नवा येतो. तोटी तीच राहते. जार खिडकीत ठेवला असेल आणि आत हिरवट झाक दिसली, तर ते शेवाळ आहे: पाणी ओतून द्या, जाग्याला ऊन लागणार नाही असं बघा.

## टप्पा ७: बाटली कधी टाकायची

मुदत महिन्यांत मोजण्यापेक्षा अवस्थेवर ठेवा. पांढऱ्या कागदावर धरून बघितल्यावर आतून धुरकटपणा, जाळीसारख्या बारीक चिरा, बोटाला लागणारे ओरखडे दिसले, आकार बिघडला असला, धुऊन-वाळवूनही वास येत असला किंवा बूच घट्ट बसत नसलं, तर यातलं एक कारणही पुरेसं आहे. सीलबंद पाण्याची पातळ पेट बाटली पुन्हा भरल्याने लगेच काही बिघडत नाही, पण तिचं तोंड अरुंद, ब्रश आत जात नाही आणि भिंत लवकर चुरगळते. एखाद्या दिवसाच्या अडचणीला भरा. कायमची वापरायची बाटली म्हणून ती धरू नका.

अडीअडचणीसाठी स्वतः भरून ठेवलेल्या पाण्याच्या कॅनवर भरल्याची तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला. जुनं पाणी झाडांना किंवा फरशीला जातं. कॅन रिकामा झाला, की पुन्हा भरण्याआधी टप्पा ६ आणि वरची कागदाची तपासणी, दोन्ही करा.

टाकायची बाटली रिकामी करा, चेपा, बूच लावूनच पुनर्वापराच्या कचऱ्यात द्या. सुटं बूच लहान असल्याने वेगळं करताना गळून जातं. रसायनांच्या रिकाम्या डब्यांना मात्र तळाला भोक पाडा किंवा ते कापा, आणि घरगुती घातक कचऱ्यात द्या, म्हणजे पुढे कुणी त्यात पाणी भरणार नाही.